लूमिसचा गोळा आणि बोळक्या तोंडाची आजी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. चित्रकलेच्या इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेत ए ग्रेड होती, आता सोलापूरच्या नवी पेठेत दुकानाचे हिशेब सांभाळता आणि रात्री चित्रं काढता. माणूस काढायला शिकवणारी लूमिस, जॅक हॅम आणि ब्रिजमन अशी तिघांची एकेक पुस्तकं जवळ आहेत. पुस्तकातली डोकी हुबेहूब उतरतात. पण उंबऱ्यावर बसलेल्या आजीला काढायला घेतलं की कागदावर कुणीतरी अमेरिकन म्हातारी लुगडं नेसून बसल्यासारखी दिसते. पुस्तकं चुकीची घेतली का, कुठलं आधी करायचं, अ‍ॅनाटॉमी पाठ करायला हवी का, आणि जवळपास लाइफ क्लास (समोर माणूस बसवून काढायचा वर्ग) नाही तर मोबाइलवरच्या फोटोवरून भागेल का, एवढं तुम्हाला हवं आहे.

पुस्तकं तिन्ही चांगली आहेत. त्यात दिलेलं प्रमाण समोरचा माणूस मोजायला असतं. तुम्ही समोरच्या माणसालाच त्या प्रमाणात कोंबताय. आपल्याकडे बऱ्याच जणांचं असं होतं, आणि त्याचं मूळ ग्रेड परीक्षांच्या तयारीत आहे असं माझं मत आहे. स्मरणचित्राच्या पेपरला बाजार किंवा बसस्टॉप येणार म्हणून चार-पाच तयार माणसं घोटून घेतली जातात. टोपलीवाली बाई, छत्रीवाला, पाठमोरा मुलगा. ती जागच्या जागी बसवली की पेपर निघतो. पुढे हीच मुलं लूमिस उघडतात आणि त्यातली डोकीही तशीच घोटतात. हात तयार होतो, बघायचं राहून जातं.

याचा अर्थ कॉपी वाईट असा घेऊ नका. व्हॅन गॉगनं शार्ल बार्गच्या ड्रॉइंग कोर्समधले तक्ते १८८०-८१ मध्ये उतरवून काढले आणि मरणाच्या वर्षी, १८९० मध्ये, पुन्हा तेच काम केलं. पण मधल्या काळात तो विणकर, बटाटे खाणारे शेतकरी, पोस्टमन अशी समोरची माणसं काढत होता. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी एकच अट घालतो: पुस्तकातलं जे पान आज कॉपी केलं, ते आजच एका जिवंत माणसावर लावून बघायचं. त्या माणसाला पान कुठे लागू पडलं नाही, ते समासात लिहायचं. चित्र बिघडलं तरी चालेल, नोंद हवीच.

आता लूमिसचा गोळा. अँड्र्यू लूमिस (१८९२–१९५९) जाहिरातींसाठी आणि मासिकांसाठी चित्रं काढायचा. डोकं आणि हात यांवरचं त्याचं पुस्तक १९५६ चं. पद्धत तुम्हाला ठाऊक आहे: गोळा काढायचा, दोन्ही बाजूंनी चकती कापायची, कारण कवटी कानांच्या बाजूला चपटी असते. गोळ्याची आडवी मध्यरेषा ही भुवयांची. केसांच्या कडेपासून भुवईपर्यंत जेवढं अंतर तेवढंच भुवईपासून नाकाच्या बुडापर्यंत, आणि तेवढंच तिथून हनुवटीपर्यंत. बाजूच्या चकतीवर उभी-आडवी रेघ मारली की कान मागच्या खालच्या चतकोरात बसतो. डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण निम्म्यावर. (नवखा माणूस डोळे वर सरकवतो, कारण नाक-डोळे-तोंड सगळं महत्त्वाचं वाटतं आणि टाळूकडचा भाग नुसता केसांचा वाटतो. कवटी तिथंच कापली जाते.)

समोरून पाहिलेल्या चेहऱ्यासाठी गोळ्याची फारशी गरज नसते. त्याची किंमत कळते ती डोकं वळलं, झुकलं की. आजी तांदूळ निवडत बसली आहे असं धरा आणि तुम्ही उभे आहात. टाळू मोठी दिसते, भुवयांची रेषा खाली लोंबलेल्या कमानीसारखी वळते, नाक ओठांवर येतं, हनुवटी जवळजवळ नाहीशी होते आणि कान डोळ्यांच्याही वर गेलेला दिसतो. नातवाकडे मान वर करून पाहिलं की सगळं उलट: रेषा वर फुगतात, नाकपुड्या दिसतात, कान जबड्याकडे उतरतो. पाठ केलेल्या चेहऱ्यात कान जिथल्या तिथं राहतो, म्हणून मान वळल्यासारखी वाटतच नाही. घरातले संध्याकाळी टीव्हीसमोर बसतात तेव्हा सगळ्यांचे नुसते गोळे काढा. भुवईची रेषा, चेहऱ्याची मधली रेषा, कानाची जागा, बस्स. नाक-डोळे काढायचेच नाहीत. टीव्ही बघणारा माणूस फार हलत नाही, फुकटचं मॉडेल आहे.

यानंतर आजीचा चेहरा. पेन्सिल हातात उभी धरून हात ताठ करा, एक डोळा मिटा आणि तिच्या भुवईपासून नाकाच्या बुडापर्यंतचं अंतर अंगठ्यानं पेन्सिलवर पकडा. तेच अंतर नाकाखाली धरून पाहा. दात गेलेले असतील तर हनुवटी त्या मापाच्या आधीच संपेल. दात पडले की जबड्याचं हाड झिजत जातं, तोंड मिटताना खालचा जबडा जास्त वर येतो, हनुवटी पुढे आणि नाकाकडे सरकते, ओठ आत वळतात. म्हणजे लूमिसच्या तीन सारख्या भागांपैकी तिसरा भाग आखूड. वर नाकाचं टोक वयाबरोबर थोडं खाली उतरलेलं असतं, त्यामुळे मधला भाग लांब वाटतो. कानाची पाळी लोंबते. जन्मभर जड कुड्या घातल्या असतील तर भोकही ओघळलेलं असतं. केस मागे हटलेत, म्हणून कपाळ मोठं. तुम्ही तिन्ही भाग इमानेइतबारे सारखे काढलेत, म्हणजे आजीच्या तोंडात बत्तीस दात बसवून दिलेत. ती परकी दिसणारच. नुसत्या सुरकुत्या वाढवून म्हातारपण येत नाही. गुळगुळीत चेहऱ्यावर रेघोट्या मारल्यासारखं दिसतं.

म्हणून चित्राआधी समासात शब्दांत तीन फरक लिहायचे: 'खालचा भाग आखूड, पाळी लांब, डावा डोळा बारीक.' चेहऱ्यातला सारखेपणा या तीन-चार फरकांतच असतो. ते नेमके पकडलेत तर बाकीचं कच्चं राहिलं तरी शेजारीण बघून म्हणेल, 'अगंबाई, आजी!' फरक ओळखायला आधी एक ठरलेलं माप डोक्यात लागतं, आणि पुस्तकाचा खरा उपयोग तिथं आहे.

डोक्यावरचा पदर, पटका, गांधी टोपी यांचंही सांगून टाकतो. आधी पूर्ण कवटी काढायची, मग वर कापड. टोपी काढून ठेवली तर खाली डोकं उरेल का, हा प्रश्न दर वेळी विचारायचा.

शरीराकडे येताना मला पुस्तकांशी खरं भांडण आहे. त्यांतली माणसं उभी असतात, खुर्चीवर बसतात, कोचावर रेलतात आणि पायांत बूट घालतात. आपली माणसं जमिनीवर असतात. मांडी, उकिडवं, एक गुडघा उभा आणि एक आडवा, पाय पसरून भिंतीला टेकलेलं. शिवाय अनवाणी, त्यामुळे पाऊल बुटात लपवण्याची सोय नाही. लूमिसच्या १९४३ च्या फिगरच्या पुस्तकात, डोक्याची उंची हे माप धरून, साडेसात डोक्यांचा सर्वसाधारण, आठचा आदर्श, साडेआठचा फॅशनचा आणि नऊचा वीरपुरुष असे प्रकार शेजारी-शेजारी मांडलेले आहेत. म्हणजे आठ डोकी हा आदर्श आहे हे त्यानं लपवलेलं नाही, वाचणारेच विसरतात. साक्षात समोरचा माणूस बहुधा साडेसातच्या आसपास, कधी सातही.

मांडी घालून ताठ बसलेल्या माणसाची जमिनीपासून टाळूपर्यंतची उंची साधारण चार डोकी भरते, कारण बसकी उंची उभ्या उंचीच्या निम्म्याहून किंचित जास्त असते. तुम्ही काढलेला मांडी घातलेला माणूस पाच-साडेपाच डोक्यांचा झाला असणार, अंदाजानं सांगतोय, पण मोजून बघा. धड लांब होतं आणि गुडघे कुठेतरी खाली चिकटवलेले राहतात. दोन गुडघ्यांमधली रुंदी आधी मोजा. ती अपेक्षेपेक्षा बरीच जास्त निघते, कागदावर जवळजवळ त्रिकोण तयार होतो. समोर बसून काढत असाल तर गुडघे आणि नडग्या तुमच्याकडे आलेल्या असतात, म्हणजे मांडीची लांबी दिसतच नाही. ती 'असते' म्हणून काढू नका. आणि तुम्हीही जमिनीवर बसा. खुर्चीवरून काढलं तर डोळ्यांची पातळी वर जाते आणि माणूस वरून दाबल्यासारखा दिसतो. तसा हवा असेल तर प्रश्न नाही, पण तो आपोआप होऊ नये.

इथं ब्रिजमन उपयोगी पडतो. जॉर्ज ब्रिजमन न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये शिकवायचा. लूमिस आणि नॉर्मन रॉकवेल दोघेही त्याचे विद्यार्थी. 'कन्स्ट्रक्टिव्ह अ‍ॅनाटॉमी' १९२० चं. चित्रं दाटीवाटीची, मजकूर तुटक, पहिल्या वाचनात डोकं चक्रावतं. त्यातून सुरुवातीला एकच गोष्ट घ्या: बरगड्यांचा पिंजरा हा एक ठोकळा, कंबरेचं हाड हा दुसरा, आणि दोन्ही एकमेकांशी कसे कलतात, पिळतात. उकिडव्या बसलेल्या माणसात कंबरेचा ठोकळा मागे कलंडतो, पिंजरा पुढे झुकतो आणि मधली पाठ धनुष्यासारखी वाकते. गुडघे काखेजवळ येतात. तोल तळपायांवर हवा, म्हणून डोकं-खांदे टाचांच्या मागे जाऊच शकत नाहीत. गेले तर तो माणूस कागदावर मागे पडणार. चहाच्या गाड्यापाशी उकिडवं बसलेलं कुणीही बघून हे तपासता येतं. परदेशी पुस्तकात अशी बैठक फारशी भेटत नाही, पण दोन ठोकळ्यांच्या हिशेबानं ती तुम्हाला स्वतः बांधता येते.

अ‍ॅनाटॉमी पाठ करायची का? सुरुवातीला स्नायूंची नावं नकोत. जिथं हाड कातडीच्या लगेच खाली येतं त्या जागा शिका: गालाचं हाड, गळ्याखालचा खड्डा आणि त्याच्या दोन्ही बाजूंची आडवी हाडं, खांद्याचं टोक, मानेच्या बुडाशी वर आलेला मणका, कोपर, मनगटाचा करंगळीकडचा उंचवटा, कंबरेच्या हाडाची पुढची टोकं, गुडघ्याची वाटी, नडगी, घोटे. माणूस जाड असो की किडकिडीत, या जागा सापडतात. आतला घोटा बाहेरच्यापेक्षा वर असतो. एवढं जरी सांभाळलं तरी अनवाणी पाऊल जमिनीवर टेकतं. स्नायूंपैकी एक मात्र आत्ताच घ्या, कानामागून निघून गळ्याच्या खड्ड्याकडे तिरका उतरणारा. मान वळली की तो ताणतो, आणि म्हाताऱ्या माणसात तर दोरीसारखा दिसतो. बर्न होगार्थचं 'डायनॅमिक अ‍ॅनाटॉमी' (१९५८) कुणी सुचवेल. पुस्तक जबरदस्त आहे, पण तो वर्तमानपत्रात टारझन काढणारा माणूस. त्याच्या आकृत्या स्वस्थ बसल्या तरी प्रत्येक स्नायू फुगलेला. वर्षभरानंतर बघा.

जॅक हॅमचं पुस्तक १९६३ चं. पानापानावर बारीक चित्रं खच्चून भरलेली आहेत, ते पहिल्यापासून शेवटपर्यंत करायचं पुस्तक नव्हे. पापणीची जाडी, ओठांचे प्रकार, केसांची वळणं, अडलं की उघडायचं. कपड्यांच्या चुण्या त्यात सूट-पँटच्या आहेत, पण नियम लुगड्यालाही लागू पडतो: कापड कुठून लोंबतंय आणि कुठे खेचलंय ते आधी शोधायचं, चुण्या त्या बिंदूपासून पसरतात. नऊवारीत कासोटा मागे खोचलेला असतो, म्हणून मांड्यांवरच्या रेषा मागे, वर जातात. पदराच्या रेषा खांद्यावरून सुटतात. हे दोन-तीन ताण सापडले की बाकीच्या शंभर चुण्या सोडून द्या.

क्रम विचाराल तर आधी लूमिसचा गोळा आणि चेहरा सपाट पृष्ठभागांत तोडून दाखवणारी पानं, शेजारी हॅम, मग ब्रिजमनचे ठोकळे. चौथं घ्यायचंच असेल तर किमॉन निकोलाइडीसचं 'द नॅचरल वे टू ड्रॉ'. तो १९३८ मध्ये गेला, पुस्तक १९४१ मध्ये आलं. त्यात तयार डोकी नाहीत, सगळे सराव आहेत, म्हणून तुमच्यासारख्या हात बसलेल्या माणसाला ते आधी चिडवतं. त्यातला जेस्चरचा सराव करा: अर्ध्या-एक मिनिटात बाह्यरेषेच्या भानगडीत न पडता माणूस काय करतोय तेवढं कागदावर आणायचं.

लाइफ क्लास नसल्याचं दुःख फार करू नका. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ चं, पण तिथंही विद्यार्थी पुतळ्यांच्या प्लास्टर प्रतींवरून बरीच वर्षं शिकले. सोलापुरात तर काम करणारी माणसं रस्त्याला लागून बसलेली आहेत. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते विड्या वळणाऱ्या बायकांनी. मांडीवर सूप, त्यात पानं आणि तंबाखू, मान खाली, आणि हात तेच तेच करत असतात: पान कापणं, तंबाखू भरणं, वळणं, दोरा गुंडाळणं. हलणारं मॉडेल म्हणून घाबरू नका, कारण प्रत्येक पोज थोड्या वेळात परत येते. एकाच कागदावर चार चित्रं शेजारी-शेजारी सुरू करा. हात कापायच्या स्थितीत आला की पहिल्यावर दोन रेघा, वळायच्या स्थितीत आला की तिसऱ्यावर. शिंपी, इस्त्रीवाला, भाकरी थापणारी आई, सगळ्यांना हीच युक्ती चालते. आधी विचारा मात्र. न विचारता समोर वही उघडून बसलं तर बाई पदर ओढून घेते आणि तिचं बरोबर असतं.

जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज निघतात तेव्हा वही घेऊन जा. उंच काठी पेलणाऱ्या बाराबंदीतल्या माणसाकडे बघा. वजन पुढे आलं की कंबर पुढे, खांदे मागे, आणि पाऊल बदलताना सगळा तोल एका टाचेवर. पांढऱ्या बाराबंदीमुळे आतलं शरीर ओळखणं अवघड जातं, म्हणून डोकं कुठे, पाय कुठे आणि त्यांच्यामधून गेलेली तोलाची रेषा कुठे, एवढंच टिपा. गर्दीत त्याहून जास्त जमतही नाही.

उजेडाचं पुस्तकात गृहीत धरलेलं असतं, आपल्या घरात मात्र तो बघावा लागतो. छताच्या ट्यूबलाइटमध्ये चेहरा सपाट होतो, गालाचे चढउतार नाहीसे होतात. दिवे बंद करून माणसाला दाराजवळ बसवा. एकाच बाजूचा उजेड आला की उजळ भाग आणि सावली यांची सीमा स्पष्ट दिसते. सावलीतला सगळ्यात फिका भागही उजेडातल्या सगळ्यात गडद भागापेक्षा गडद ठेवायचा, एवढा नियम पाळा.

कातडीच्या रंगाचा मुद्दा तुम्ही विचारलेला नाही, पण आजी परकी दिसण्यात त्याचा वाटा असणार. या पुस्तकांतलं शेडिंग गोऱ्या चेहऱ्यांचं आहे. कोरा कागद म्हणजेच उजळ कातडी. सावळ्या चेहऱ्यावर कपाळ, गालाचं हाड, नाकाचा शेंडा इथली चमक जास्त तीव्र दिसते, आणि बाकी चेहरा मधल्या टोनचा. पांढऱ्या कागदावर हे करताना लोक एकतर चेहरा गोरा सोडतात, नाहीतर सगळा काळा घासून टाकतात. वह्यांना कव्हर घालायचा खाकी कागद घ्या. कागद हाच मधला टोन, सावली चारकोलनं आणि चमक पांढऱ्या खडूनं, तीही अगदी थोड्या जागी. पहिल्याच प्रयत्नात फरक दिसेल.

आता मोबाइल. फोटो वापरा, पण दीड हातावरून काढलेला नको. इतक्या जवळून नाक मोठं होतं, कान मागे पळतात आणि चेहरा अरुंद दिसतो. सात-आठ फूट मागे जाऊन झूम करा. फोटोवर चौकटींचा ग्राफ टाकून चित्र मोठं करणं ही सिनेमाचे बोर्ड रंगवणाऱ्यांची जुनी रीत आहे. आपल्या जिल्ह्यातल्या पंढरपूरला जन्मलेल्या चित्रकार एम. एफ. हुसेननीही मुंबईत असे बोर्ड रंगवले. रोजगारासाठी पद्धत उत्तम, सारखेपणा हमखास येतो. पण शिकताना ग्राफ टाकू नका, कारण चौकटी मोजमापाचं सगळं काम करून टाकतात आणि तुमच्याकडे नुसतं रेघ ओढणं उरतं. शिवाय फोटोत पदराखाली कान गेला असेल तर तो गेलाच. आजी समोर असेल तर उठून मागून बघता येतं, किंवा तिला सांगता येतं, 'आजी, जरा पदर सरकव.'

साहित्यावर पैसे घालू नका. टू-बी आणि सिक्स-बी अशा दोन पेन्सिली, पॅड आणि क्लिप, आणि प्रेसमधून किलोवर मिळणारा पाठकोरा कागद. महाग कार्ट्रिज कागदावर हात घाबरतो. पीडीएफवरून शिकत असाल तर मोबाइलच्या पडद्यावर बघून काढू नका, लागणारी पानं ए-फोरवर प्रिंट करून घ्या. आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला की तळहाताखाली एक जाड कोरा कागद ठेवत जा. घामानं कागद ओलावला की त्या जागी सिक्स-बी ना नीट चढत ना पुसली जात.